ओला ब्रश

प्रिय माऊ,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी सगळं ऐकून नुसतं ‘बघू’ म्हणाले आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारीला ऐकू आलं नाही, नाहीतर राग आला. ऐकू मला चांगलं येतं. राग तर आलाच होता, पण तो निम्मा तुझा होता आणि निम्मा माझा स्वतःचा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच ‘अगं आई, ते जाऊ दे’ करतेस. पत्राच्या मध्ये तुला तोंड घालता येत नाही, म्हणून आज दुकानातून आल्या आल्या लिहायला बसले आहे. चहा कर, बूड टेकव आणि ओळीने वाच. मधलं सोडून आधी शेवट बघायची तुझी जुनी खोड आहे, ती आज नको.

तू जे सांगितलंस ते माझ्या शब्दांत परत लिहिते, म्हणजे मला नीट कळलंय हे तुला कळेल. भिंगरी अकरा दिवस खोलीतून बाहेर आलेली नाही. ताट दाराशी ठेवावं लागतं. वर्गातल्या कुणीतरी तिच्या हनुवटीवरचे केस बघून तिला ‘काका’ म्हटलं. पोरीने घरी येऊन बापाच्या कपाटातला रेझर घेतला, कोरड्या चेहऱ्यावर ओढला आणि वरचा ओठ कापून घेतला. तू दार ठोठावून उघडायला लावलंस, रक्त बघितलंस आणि तिच्या थोबाडीत दिलीस. मग जावयांना ऐकवलंस की हे तुमच्याच घराण्यातलं, तुमच्या त्या मावशीला मिशा आहेतच. चौदा वर्षांची पोर, जी घटकाभर एका जागी टिकत नाही म्हणून आपण तिला भिंगरी म्हणतो, ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही म्हणते. आणि फोन ठेवता ठेवता तू मला विचारलंस की आई, हे कुठून आलं गं आमच्या वाट्याला. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ते द्यायला मी पस्तीस वर्षं उशीर केला.

आधी मगाबद्दल बोलू. तोच, पांढरा, निळ्या काठाचा, कानापाशी टवका उडालेला. तळाशी साबणाची वडी, शेजारी खिळ्याला टांगलेला ब्रश. तुझ्या बाबांचा मग. त्याची गोष्ट तू किती जणांना सांगितली आहेस याची मोजदाद नाही. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी आई रोज सकाळी त्यांचा ब्रश भिजवते. शाळेत त्यावर निबंध लिहिलास आणि बक्षीस आणलंस. लग्नात सासूबाईंना सांगितलीस, त्यांनी डोळे टिपले. मागच्या वर्षी तर म्हणालीस की तो मग मला दे, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवते. मी नको म्हटलं तर तुझे डोळे भरून आले. तुला वाटलं, आईचा जीव गुंतलाय त्यात. जीव गुंतलाय हे खरं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की मग तू नेलास तर उद्या सकाळी माझं काय.

माऊ, तू दिवसभर लोकांचं रक्त काचेखाली धरून तपासतेस, कणभर काही तुझ्या नजरेतून सुटत नाही. मग गेलेल्या माणसाचा साबण झिजतो कसा, हा प्रश्न तुला एकदाही पडू नये? दाढीचा ब्रश पस्तीस वर्षं टिकतो का गं? हा पाचवा आहे. तू ज्याला बाबांच्या हातचा म्हणून डोळ्यांना लावलास तो मी भिंगरीच्या जन्मानंतर घेतला होता. तो ब्रश मी वापरते. स्वतःच्या चेहऱ्याला. मला हनुवटीवर, जबड्याखाली आणि वरच्या ओठावर दाढीमिशी येते, चार चुकार केस नव्हेत, चांगली येते. चाळीस वर्षं मी रोज सकाळी बाथरूमची कडी लावून ती करते. घे, लिहून झालं. लिहिताना वाटलं होतं की हात थांबेल, पण थांबला नाही.

मला पंधराव्या वर्षी सुरुवात झाली. तुझ्या आजीने आधी लेप लावले, मग दोऱ्याने उपटून बघितले, मग हात टेकले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणायची. उजेडात मान वर करून हसायचं नाही, कुणी बोलायला आलं की हनुवटीवर हात ठेवायचा, ही तिची शिकवण. तुझ्या कपाटातला माझा एक फोटो काढून बघ, कुठल्याही फोटोत माझा हात हनुवटीखालीच असतो. तुझे सासरे एकदा म्हणाले होते की विहीणबाई फार विचारी दिसतात.

लग्न झालं तेव्हा मी एक चिमटा घेऊन सासरी आले. तुझ्या बाबांच्या आधी उठायचे, बाथरूममध्ये बादली पालथी घालून बसायचे आणि एकेक केस उपटायचे. हनुवटीला फोड यायचे, पू व्हायचा. घरात सांगितलं होतं की मला गोड खाल्लं की पुटकुळ्या येतात, त्यामुळे आवडत असूनही पहिले सहा महिने गोडाला हात लावला नाही. एक दिवस कडी नीट बसली नव्हती. तुझे बाबा आत आले. माझ्या एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात आरसा, हनुवटी सुजलेली आणि रक्त. ते काही न बोलता बाहेर गेले. मला वाटलं, आता त्यांच्या आईला उठवणार, माहेरी चिठ्ठी जाणार, संपलं. तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने ते आले ते गरम पाण्याचं भांडं घेऊन. गेले होते पाणी तापवायला.

त्या दिवशी त्यांनी मला शिकवलं. छापखान्यात काम करायचे ना, नखांत कायम काळी शाई. ब्रश आधी गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. दोनदा झटकायचा. मग मगातल्या साबणावर गोल गोल फिरवत राहायचं आणि घाई करायची नाही. फेस पातळ राहिला की पातं अडकतं, आणि अडकलं की कापतं. फेस ब्रशने चेहऱ्यावर चोळायचा, केस उभा राहून नरम होईपर्यंत, आणि पातं केसाच्या दिशेने, मध्ये मध्ये धुऊन. शेवटी गार पाणी आणि तुरटी. ते म्हणायचे की फेस असा दाट व्हायला हवा की मग उलटा केला तरी पडू नये. हे पटवायला त्यांनी तो स्वतःच्या डोक्यावर उलटा करून दाखवला, आणि फेस सगळाच्या सगळा पडला, कानावरून खांद्यावर. मी मान वर करून हसले. लग्नानंतरचं माझं ते पहिलं हसणं, आणि तेही तसल्या तोंडाने. पुढची सहा वर्षं आमचा दोघांचा एकच मग होता. आधी ते करायचे, उरलेल्या फेसात मी. त्यांच्या बोटांच्या शाईने फेस जरा काळपट व्हायचा, पण मला त्याचं काही वाटलं नाही. झाल्यावर बोटांची मागची बाजू माझ्या जबड्यावरून फिरवायचे आणि राहिलं असेल तर सांगायचे, इथे राहिलंय.

ते गेले ते तुला आठवत नाही, तू पाच वर्षांची होतीस. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि दुपारच्या जेवणाच्या आत सगळं आटोपलं. घर माणसांनी भरलं. बायका यायच्या आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरायला बघायच्या. माझी तीन दिवसांची दाढी वाढलेली. मी टॉवेलात तोंड खुपसून बसले आणि काही केल्या वर काढलं नाही. सगळे म्हणाले, किती रडते बिचारी. रडत होतेच गं, पण टॉवेल रडण्यासाठी नव्हता. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठले, कडी लावली आणि एकटीने फेस केला. इथे राहिलंय सांगायला कुणी नव्हतं. त्या गडबडीत ब्रश खिळ्याला लावायचा राहिला, खिडकीतच ओला पडून राहिला. तू उठून आलीस, तो हातात घेतलास आणि विचारलंस की ब्रश ओला आहे, बाबा आले का. तेवढ्यात दारात उभी असलेली तुझी आत्या म्हणाली की नाही बाळा, आई त्यांच्या आठवणीसाठी भिजवते. तिने मनापासून म्हटलं, तिला खरंच तसं वाटलं. आणि मला तोंड होतं, पण ते मी उघडलं नाही.

झालं. आत्याने दहा जणींना सांगितलं आणि महिन्याभरात मी देवी झाले. त्यानंतर ब्रश लपवायची गरज उरली नाही, उघड्यावर टांगला तरी लोक हात जोडायचे. मला सोयीचं वाटलं. पण फुकटची पुण्याई महाग पडते, माऊ. आमच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासणारे कारागीर होते, तुला लहानपणी रंगीत काचांचे तुकडे द्यायचे ते. तू आठवीत असताना त्यांनी मला लग्नाचं विचारलं. भला माणूस, शांत, मलाही आवडायचे. मी नाही म्हणाले, आणि सगळ्यांनी मान डोलावली की पहिल्या नवऱ्यावरची निष्ठा अशी असते. कसली निष्ठा आणि कसलं काय. त्यांना ते बाथरूमचं दार उघडून दाखवायची माझी छाती झाली नाही. एका माणसाने पाणी तापवून आणलं होतं, दुसरा आणेलच कशावरून, एवढीच भीती. ते नंतर दुसऱ्या गावी गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगते आहे.

आणि काम तरी कसलं मिळावं? चष्म्याचं दुकान. माणसाच्या नाकावर चष्मा बसवायचा, काड्या कानामागे नीट वळवायच्या, वीतभर अंतरावरून. म्हणजे ज्याला आयुष्यात पहिल्यांदा लख्ख दिसायला लागतं, त्याला सगळ्यात आधी माझी हनुवटी दिसते. साऱ्या गावात माझ्याइतकी गुळगुळीत दाढी कुणा पुरुषाचीसुद्धा नसेल. तापाने फणफणले तरी आधी फेस, मग गोळी. तुझ्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात दोन रात्री थांबायचं होतं तर मी एकच थांबून घरी पळाले, आणि तू किती दिवस फुरंगटून होतीस. आता कळलं ना कशासाठी पळाले होते.

आता तुझ्याबद्दल. तू तेरा वर्षांची झालीस तेव्हापासून मी तू झोपल्यावर तुझ्या हनुवटीवर बोट फिरवून बघायचे. आज काही आहे का, उद्या आहे का. काही आलं नाही. तुझी कातडी माझ्या सासूबाईंसारखी, नितळ. अठरावं उलटलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला, म्हटलं, माझ्याबरोबर हे संपलं, आता कुणाला सांगायची गरज नाही. तिथेच माझं चुकलं. मी मूठ झाकून बसले आणि ती चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर उघडली. मी तुला वेळेवर सांगितलं असतं तर तुझा हात तिच्यावर उठला नसता, तू आधी पाणी तापवायला गेली असतीस. ती थोबाडीत तू मारलीस, पण त्यात माझाही हात आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. आडात होतं, माऊ, म्हणून पोहऱ्यात आलं. तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला करून त्या बिचाऱ्या मावशीला जे बोललीस त्याबद्दल जावयांची माफी माग, आज संध्याकाळीच. आणि त्या काचेच्या कपाटाचा नाद सोड. तो मग शोभेचा नाही, वापरातला आहे. भिंगरीला डॉक्टरकडे जरूर ने, अंगात काही कमीजास्त असेल तर औषध देतील, आमच्या वेळी तेवढं विचारायचीही सोय नव्हती. पण ती चटके देणारी मशिनं आणि जळजळणारी मलमं घेऊन तिच्या मागे लागू नकोस. आणि ‘लोक काय म्हणतील’ हे तीन शब्द तिच्यापुढे काढायचे नाहीत. लोकांनी मला पस्तीस वर्षं देवी म्हटलं. लोकांना काय कळतं ते मी बघितलंय.

तू म्हणशील, आई, एवढं सांगायचं तर फोन करायचास. त्याला कारण आहे. रविवारी सकाळी दाढी केली ती शेवटची. तुझा फोन आला, ठेवला, आणि सोमवारी सकाळी मी ब्रशला हात लावला नाही. आज बुधवार. आरशात बघते आहे, बरीचशी पांढरी, हनुवटीच्या मधोमध अजून काळी, वरच्या ओठावर मात्र पुरती पिकलेली. सोमवारी तशीच दुकानात गेले. धाकट्या मालकांनी बघितलं, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं की बरं नसेल तर रजा घ्या. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे. पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त मास्तर, मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा. मी वाकून बसवला. त्यांनी माझ्याकडे वीतभर अंतरावरून टक लावून बघितलं. चाळीस वर्षं मी ज्या घटकेला भ्यायले ती आली. मास्तर म्हणाले, डावी काडी कानामागे टोचते आहे. मी ती वळवून दिली. मंगळवारी दोन पोरी एकमेकींना कोपराने ढोसून हसल्या, त्यांनाही चष्मे बसवून दिले. ते लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी नेहमीसारखीच भूक लागली.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल आणि शनिवारी दुपारच्या बसने मी येते आहे, सहा दिवसांच्या दाढीनिशी, भर उजेडात, खिडकीच्या जागेवर बसून. तू स्टँडवर मला बघून गर्दीत किंचाळू नयेस, म्हणून हे पत्र. येताना माझ्यासाठी मफलर आणू नकोस, मी तोंड झाकणार नाही. भिंगरीला काही सांगू नकोस, मी तिच्या दाराशी जाऊन बसेन आणि एवढंच म्हणेन की आजी आली आहे, एकदा बघ तरी. पिशवीत मग आहे, माझा ब्रश आहे आणि एक नवा कोरा ब्रश तिच्यासाठी घेतला आहे. तिच्या डोळ्यांना माझा चेहरा पुरता दिसला की मग आम्ही दोघी तुझ्या बाहेरच्या बेसिनपाशी, सगळ्यांसमोर, फेस करू. तो कसा दाट करायचा ते मी तिला शिकवेन. नंतर तिला रोज करायची असेल तर करेल, ठेवायची असेल तर ठेवेल, ते तिच्या मर्जीवर. सोमवारी शाळेच्या फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर जाणार आहे, ती जशी जाईल तशीच मी. तू फक्त एक कर. आपण घरी पोचलो की तुझ्या बाबांसारखं काही न बोलता आत जा आणि पाणी तापायला ठेव.

तुझीच,
आता कडी न लावणारी,
आई